मोहल्ल्याची खबर

पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात कोणाच्या घरी काय घडले, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. शहरात मात्र शेजारच्या गल्लीतला माणूसही अनोळखी असतो. तिथे खबरीच्या आधी अफवा पोहोचते. भिवंडीने याची किंमत दोनदा मोजली.

यंत्रमागाच्या या शहरात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी दंगल पेटली. न्या. मादन आयोगाने तिची चौकशी केली. तरीही मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी त्यांत गल्लीतलीच साधी हिंदू-मुस्लिम माणसे होती, सोबत त्या भागाचा पोलीस. दंगल नसतानाही बैठका होत. लहानसहान भांडणे, तक्रारी तिथेच मांडल्या जात. त्यातून ओळख वाढली. कानावर आलेली गोष्ट खरी की खोटी, हे विचारायला माणूस मिळाला.

कसोटी डिसेंबर १९९२ मध्ये लागली. बाबरी मशीद पाडल्यानंतर दोन महिन्यांत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. जवळच असलेली भिवंडी शांत राहिली. मुंबईतही मोहल्ला कमिट्या झाल्या, पण दंगलीनंतर.

आज अफवा मोबाईलवरून थेट घरात शिरते. तेव्हा निःसंकोच फोन करता येईल असा दुसऱ्या धर्माचा एक तरी शेजारी आपल्याला आहे का? नसेल, तर आजच सलाम-नमस्कार सुरू करावा. दंगलीच्या दिवशी ओळख करून घ्यायला सवड नसते.