रक्ताची पिशवी आणि परिचारिकेची नजर

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील प्रभादेवी स्थानकाच्या (तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड) पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. जखमींना परळच्या केईएम रुग्णालयात हलविण्यात आले आणि रक्तदानाचे आवाहन झाले. अशा प्रसंगी रक्तदाता आठवतो, रक्तपेढीही आठवते. मात्र ती पिशवी रुग्णाच्या शिरेला जोडणारी परिचारिका सहसा नजरेआड राहते. रक्तसंक्रमणातील अखेरची चूक रोखणे तिच्याच हाती असते.

रक्तगट न जुळल्यास रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे दात्याच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. मूत्रपिंडे निकामी होतात, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. असे अपघात बहुतेक वेळा नमुन्याच्या नळीवर चुकीचे नाव पडल्याने किंवा एकाची पिशवी दुसऱ्यास लावल्याने घडतात. म्हणूनच नळीवर नाव खाटेपाशीच लिहावे लागते. रक्त चढविण्यापूर्वी रुग्णाची मनगटपट्टी, नोंदणी क्रमांक, पिशवीचा क्रमांक, रक्तगट व मुदत दोघांनी मिळून पडताळणे आवश्यक असते.

रक्तगटाची चाचणी किती काटेकोर असावी, याचा धडा मुंबईनेच जगाला दिला. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ या नावाने ओळखला जाणारा दुर्मीळ रक्तगट जगापुढे आणला. तांबड्या पेशींच्या प्राथमिक तपासणीत तो ‘ओ’ भासतो. परंतु अशा रुग्णास ‘ओ’ गटाचे रक्तही घातक ठरते. ही विसंगती रक्तद्रवाच्या तपासणीत व क्रॉसमॅचमध्ये उघड होते.

तांबड्या पेशींची पिशवी शीतपेटीतून बाहेर काढल्यावर साधारण ३० मिनिटांत लावावी आणि चार तासांत संपवावी, असा संकेत आहे. ती गरम पाण्यात बुडवून तापवू नये. त्याच नळीतून नॉर्मल सलाइनखेरीज काहीही देऊ नये. डेक्स्ट्रोजमुळे पेशी फुटू शकतात, तर रिंगर लॅक्टेटमधील कॅल्शियममुळे रक्त गोठू शकते.

पहिली १५ मिनिटे सर्वाधिक जोखमीची असतात. शुद्धीवरील रुग्ण थंडी वाजते, कंबर दुखते, धाप लागते, असे सांगतो. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधाखाली असलेल्या रुग्णाला ते सांगता येत नाही. अचानक उतरलेला रक्तदाब, चढलेला ताप, लालसर लघवी, सुई टोचलेल्या जागेतून झिरपणारे रक्त या खुणा परिचारिकेलाच ओळखाव्या लागतात. गंभीर आजारात यांपैकी काही लक्षणे मुळातच असतात. त्यामुळे रक्त लावण्यापूर्वीच्या नोंदी नसतील तर नवा बदल कळतच नाही.

शंका येताच रक्त तत्काळ थांबवावे, नवी नळी जोडून सलाइनने शीर चालू ठेवावी, डॉक्टरांना कळवावे आणि पिशवी नळीसह, रुग्णाच्या ताज्या नमुन्यासोबत रक्तपेढीकडे पाठवावी. पिशवी संपल्यावरही दक्षता सुटता कामा नये. रक्तसंक्रमणामुळे फुप्फुसांना होणारी तीव्र इजा पुढील सहा तासांपर्यंत उद्भवू शकते.

अशा प्रतिक्रियांची देशभर नोंद व्हावी यासाठी १० डिसेंबर २०१२ रोजी ‘हिमोव्हिजिलन्स’ कार्यक्रम सुरू झाला. या नोंदीचा हेतू दोषी शोधण्याचा नसून पुढील रुग्ण वाचविण्याचा आहे. रात्रपाळीतील परिचारिकेने न घाबरता केलेली एक नोंदही त्यासाठी मोलाची ठरते.