फिरते औषधालय

फिरते औषधालय : औषधाचे दुकान नसलेल्या वस्तीत वाहनातून, नावेतून किंवा विक्रेत्याच्या झोळीतून औषधे पोहोचविण्याची व्यवस्था. फिरत्या दवाखान्यापासून तिचा भेद करावा लागतो. दवाखान्यात रोगनिदान मुख्य असते व औषध त्याच्या मागोमाग येते. औषधालयात औषध कोणी, कोठे व कोणाच्या देखरेखीखाली द्यावे, हाच प्रश्न असतो. भारतात कायद्याने औषधविक्री प्रथम जागेशी बांधली आणि नंतर दुर्गम भागांसाठी त्या बंधनाला एकेक अपवाद केला. फिरत्या औषधालयांचा इतिहास म्हणजे बव्हंशी या अपवादांचा इतिहास होय.

कायदा येण्यापूर्वी औषध फिरतच असे. महाराष्ट्रातील वैदू ही भटकी जमात झाडपाला, मुळ्या व तुंबडी घेऊन गावोगाव व आठवडेबाजारांतून हिंडत असे. सरकारी पातळीवरील आरंभीचा उल्लेखनीय प्रयोग बंगालमध्ये झाला. तेथील सिंकोना लागवडीचे प्रमुख जॉर्ज किंग यांच्या पुढाकाराने १८९२ मध्ये पैशाला एक पुडी या दराने क्विनीन डाकघरांतून विकले जाऊ लागले. डाकघर हे औषधालय नव्हे आणि डाकबाबू औषधनिर्माता नव्हे. तरीही हिवतापाचे औषध खेड्यापर्यंत नेणारा दुसरा मार्ग त्या वेळी नव्हता.

कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने (१९३०–३१) बाजारातील भेसळयुक्त व कमी प्रतीच्या औषधांकडे लक्ष वेधले. त्यातून औषधिद्रव्ये अधिनियम (१९४०) व त्याखालील नियम (१९४५) झाले. या नियमांनुसार विक्रीचा परवाना ठराविक जागेसाठी मिळतो. किरकोळ किंवा घाऊक विक्रीच्या जागेसाठी किमान १० चौ. मी. क्षेत्रफळाची अट आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावे लागते. फार्मसी अधिनियमाच्या (१९४८) ४२ व्या कलमानेही हेच बंधन घातले. परंतु ते देशभर अंमलात येण्यास १९८४ साल उजाडले. औषधनिर्मात्यांची संख्या अपुरी होती, हे त्या विलंबाचे मुख्य कारण. भेसळ व चुकीचे औषध यांपासून रुग्णाचे रक्षण व्हावे, हा या अटींचा हेतू रास्तच आहे. मात्र ज्या पाड्यावर दुकान चालण्याइतके गिऱ्हाईक नाही, तेथे त्यांचा परिणाम औषध न मिळण्यात होतो.

ही अडचण नियम करणाऱ्यांना दिसत होती. देखरेखीची गरज नसलेल्या औषधांसाठी मर्यादित परवान्याची तरतूद नियमांत आहे. फिरत्या विक्रेत्याला असा परवाना केवळ अपवादात्मक परिस्थितीत मिळतो : तो औषध कंपनीचा खराखुरा फिरता प्रतिनिधी असावा किंवा विरळ वस्तीच्या आणि औषध मिळण्याचे अन्य साधन नसलेल्या ग्रामीण भागात, परवानाधारकाकडून विकत घेतलेली औषधे पुरविणारा असावा. औषधे मूळ वेष्टनातच विकावी लागतात. ‘क’ अनुसूचीने एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या खेड्यात अ‍ॅस्पिरीन, पॅरासिटामॉल, वेदनाशामक मलम, ग्राइप वॉटर यांसारखी घरगुती औषधे विनापरवाना विकण्यास मोकळीक दिली. मोटारगाडीचा उल्लेखही नियमांत आहे, पण तो घाऊक विक्रीपुरता. गाडीतून दुकानदाराला माल देण्यासाठी स्वतंत्र परवाना-नमुने आहेत, तर त्याच गाडीतून रुग्णाला चिठ्ठीवरचे औषध देण्यासाठी एकही नाही. चाकांवरचे किरकोळ औषधालय कायद्याच्या कल्पनेत बसले नाही, ते असे.

आयुर्वेदीय औषधांची स्थिती याच्या उलट आहे. १९६४ च्या दुरुस्तीने त्यांच्या निर्मितीवर नियंत्रण आले; विक्रीला मात्र परवाना लागत नाही. त्यामुळे तयार आसव-अरिष्टे विकणारा मोकळा राहिला आणि नाडी पाहून स्वतः औषध देणारा वैदू महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमान्वये (१९६१) नोंदणीच्या अटीत अडकला.

वाहनाऐवजी माणसाच्या हाती औषध देण्याचा मार्ग २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक आरोग्य स्वयंसेवक योजनेने अवलंबिला. पुढे स्वयंसेवक, बहूद्देशीय कर्मचारी, परिचारिका व अंगणवाडी सेविका यांनी दिलेल्या औषधांना ‘क’ अनुसूचीत सूट मिळाली. सरकारी रुग्णालयांनी व दवाखान्यांनी पुरविलेल्या औषधांनाही सशर्त सूट आहे. आरोग्य खात्याची फिरती पथके मुख्यतः याच आधारावर चालतात. महाराष्ट्रात नवसंजीवन योजनेखाली (१९९५) आदिवासी भागात डॉक्टरांची भरारी पथके नेमली गेली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने (२००५) फिरत्या वैद्यकीय पथकांना देशव्यापी रूप दिले. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या बेटांसाठी २००५ मध्ये ‘आखा’ ही दवाखान्याची नौका सुरू झाली. सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या पाड्यांसाठीही तरंगता दवाखाना आहे.

पथक ठराविक वारी येते व जाते. ताप-खोकल्याच्या रुग्णाला तेवढे पुरते. क्षय, मधुमेह, अपस्मार किंवा रक्तदाब यांच्या रुग्णाला मात्र पुढील फेरीपर्यंत पुरेल इतका साठा हाती लागतो, आणि पावसाळ्यात एक फेरी चुकली की उपचारात खंड पडतो. क्षयरोगात असा खंड जंतूंना औषधास दाद न देणारे बनवू शकतो. इन्शुलिनचा साठा २° ते ८° से. तापमानात ठेवावा लागतो व उन्हात उभ्या गाडीत शीतपेटीविना तो टिकत नाही. खर्चाचा हिशेब गाडीच्या खरेदीवर होतो. इंधन, चालक आणि औषधाचा नियमित भरणा यांकडे त्या मानाने दुर्लक्ष होते, हा या योजनांचा जुना दोष आहे.

इंटरनेटवरील औषधविक्रीसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. करोनाच्या टाळेबंदीत, २६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने किरकोळ परवानाधारकास चिठ्ठीवरील औषध रुग्णाच्या दारी पोहोचविण्याची मुभा मिळाली. मादक द्रव्ये व काही अनुसूचींतील औषधे तीतून वगळली होती आणि दुकान व रुग्ण एकाच महसुली जिल्ह्यातील असावेत, अशी अट होती. औषध नेणाऱ्या वाहनासाठी वेगळा परवाना या अधिसूचनेनेही निर्माण केला नाही.