ग्लॅम मेटल

ग्लॅम मेटल : हेवी मेटल या पाश्चात्त्य रॉक-प्रकाराची, अमेरिकेत आणि मुख्यतः कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस परिसरात १९८० च्या दशकात भरभराटीस आलेली उपशाखा. ब्रिटिश ग्लॅम रॉकची रंगभूषा व वेषभूषा, हेवी मेटलचा विद्युत्-गिटारप्रधान दणदणीत नाद आणि श्रोतृसमुदायाला एका श्रवणात उचलता येतील अशी सामुदायिक पालुपदे, या तिहींचा संयोग हे तिचे लक्षण होय. ‘हेअर मेटल’ हे तिचे दुसरे नाव उत्तरकाळी, बव्हंशी हेटाळणीच्या हेतूने, प्रचारात आले. ज्यांना ते लावले गेले त्यांपैकी अनेकांना ते मान्य नसल्यामुळे प्रस्तुत नोंदीत त्याचा अवलंब केलेला नाही.

पूर्वपीठिका : १९७१ मध्ये टी. रेक्स या वाद्यवृंदाचा गायक मार्क बोलन गालांवर चकाकणारी भुकटी लावून ब्रिटिश दूरचित्रवाणीवर अवतरला, आणि पुढील वर्षी डेव्हिड बोवी याने ‘झिगी स्टारडस्ट’ हे काल्पनिक पात्र रंगमंचावर आणले. ग्लॅम रॉकचा आरंभ सामान्यतः या घटनांपासून मानतात. स्लेड व स्वीट या वृंदांनी त्यास अधिक रांगडे व लोकाभिमुख रूप दिले. अमेरिकेत ॲलिस कूपर, न्यूयॉर्क डॉल्स आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेला किस हा वृंद, यांनी रंगलेल्या चेहऱ्यांची आणि नाट्यमय सादरीकरणाची परंपरा दृढ केली. फिनलंडमधील हॅनोय रॉक्स या वृंदाचा पेहराव लॉस एंजेलिसच्या तरुणांनी जवळजवळ जसाच्या तसा उचलला. मात्र या ऋणाचा उल्लेख अमेरिकन वृत्तान्तांतून क्वचितच आढळतो.

सनसेट स्ट्रिप : सनसेट बूलव्हार या हमरस्त्याचा वेस्ट हॉलिवुडमधून जाणारा हा सुमारे अडीच किमी. लांबीचा भाग. नोव्हेंबर १९८४ मध्ये वेस्ट हॉलिवुड हे स्वतंत्र नगर म्हणून स्थापन होईपर्यंत हा टापू लॉस एंजेलिस नगराच्या हद्दीबाहेर, परगण्याच्या शेरिफच्या अंमलाखाली होता, आणि करमणुकीच्या धंद्याला तेथे थारा मिळण्यास ही हद्द बऱ्याच अंशी कारणीभूत झाली. व्हिस्की ए गो गो (१९६४), रेनबो (१९७२), रॉक्सी (१९७३) आणि गझारीज ही तेथील प्रमुख ठिकाणे. त्रुबादूर हा क्लब जवळच, पण निराळ्या रस्त्यावर होता. दशकाच्या उत्तरार्धात अनेक ठिकाणी असा शिरस्ता पडला, की वादकांना बिदागी देण्याऐवजी त्यांच्याकडूनच तिकिटांची रक्कम आगाऊ घ्यावी, ती तिकिटे त्यांनी आपल्या खटपटीने विकावीत आणि न खपलेल्या तिकिटांची तूट त्यांनीच सोसावी. ही पद्धती उघड अन्यायाची होती. तीमुळे प्रत्येक वृंदाला स्वतःचा जाहिरातदार होणे भाग पडले. शुक्रवार-शनिवारच्या रात्री संपूर्ण पेहरावानिशी फुटपाथवर उभे राहून हस्तपत्रके वाटणारे तरुण हे स्ट्रिपचे नित्याचे दृश्य बनले. रस्त्याच्या पलीकडून ओळखू येईल असा वेष या व्यवहारात केवळ हौसेचा उरला नाही, ही गोष्ट या शैलीच्या टीकाकारांनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

गिटारवादन : ग्लॅम मेटलचे चिरस्थायी संगीतकार्य कोणते, असे विचारल्यास त्याचे उत्तर गिटारवादनात शोधावे लागते, आणि तेथे एडी व्हॅन हेलन (१९५५–२०२०) याचे नाव प्रथम घेतले पाहिजे, मग त्याच्याच आडनावाच्या ‘व्हॅन हेलन’ या वृंदाची गणना ग्लॅम मेटलमध्ये करावी की त्याच्या पूर्वसूरींत, याविषयी मतैक्य नसले तरी चालेल. ॲम्स्टरडॅम येथे जन्मलेला, डच वादक पिता आणि जावा बेटातील माता यांचा हा पुत्र १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे आला. १९७८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘इरप्शन’ या अवघ्या १ मिनिट ४२ सेकंदांच्या एकलवादनाने गिटारच्या तंत्रात जी उलथापालथ केली, तिची कल्पना येण्यासाठी हाताची क्रिया नीट पाहिली पाहिजे. सामान्यतः डावा हात पडद्यांवर तारा दाबतो आणि उजवा हात त्या छेडतो. येथे उजव्या हाताची तर्जनी वरच्या पडद्यावर तारेवर आपटून बाजूस खेचली जाते, त्या खेचण्याने डाव्या बोटाने दाबून ठेवलेला खालचा स्वर वाजतो, लगेच डाव्या हाताचे दुसरे बोट मधला स्वर उमटवते, आणि छेडणीचा आघात मुळीच न होता तीन स्वरांचे चक्र अखंड फिरू लागते. एका हाताच्या पल्ल्यात कधीही न येणारी स्वरांतरे त्यामुळे एकाच तारेवर, द्रुत तानेच्या गतीने साध्य होतात. हे तंत्र सर्वप्रथम कोणी योजिले हा प्रश्न वादग्रस्त आहे. त्याचे पूर्वप्रयोग निश्चित आढळतात, परंतु त्यास एक संपूर्ण भाषा बनविण्याचे श्रेय व्हॅन हेलनचेच. रॉबर्ट वॉल्झर या संगीतशास्त्रज्ञाने ‘रनिंग विथ द डेव्हिल’ (१९९३) या ग्रंथात या वादनाचे अभिजात युरोपीय संगीताशी असलेले नाते विस्ताराने दाखविले असून, मेटलच्या गंभीर अभ्यासकाने तो ग्रंथ वाचलाच पाहिजे.

व्हॅन हेलनचे वाद्यही स्वहस्ते जुळविलेले होते. सुमारे ५० डॉलरांना घेतलेले, कारखान्यात दुय्यम ठरलेले लाकडी अंग, ८० डॉलरांची मान आणि जुन्या गिब्सन गिटारमधून काढलेला एकच पिकअप (तारांची कंपने टिपणारे साधन), एवढी त्याची सामग्री. पिकअपची शीळ थांबावी म्हणून तो वितळलेल्या मेणात बुडविला होता. आवाज कमीजास्त करण्याची एकच खुंटी ठेवून बाकीची योजना काढून टाकली होती. आणि चिकटपट्ट्या लावून रंग फवारल्यामुळे अंगावर उभे-आडवे पट्टे उमटले होते. पट्टे प्रथम काळे-पांढरे होते, पुढे त्यांवर तांबडा रंग चढला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१९ मध्ये रॉकवाद्यांचे प्रदर्शन भरविले, त्यात हे वाद्य मांडले होते. हे वाद्य घडले त्याच सुमारास फ्लॉइड रोज याने तारा दोन्ही टोकांस जखडून ठेवणारी घोडी तयार केली. तिच्या दांडीने तारा पार सैल सोडल्या तरी त्या मूळ स्वरावर अचूक परतत, आणि या सोयीवाचून पुढील दशकातील निम्मे गिटारवादन संभवलेच नसते.

दुसरा मोठा वादक रँडी ऱ्होड्स (१९५६–८२). त्याची माता डेलोरेस नॉर्थ हॉलिवुड येथे ‘म्युझोनिया’ ही संगीतशाळा चालवीत असे आणि तो स्वतः तेथे शिकवीत असे. क्वायट रायट या वृंदाचा तो संस्थापक-सदस्य. पुढे ऑझी ऑस्बर्न या गायकाच्या वृंदात त्याने अभिजात गिटारचा अभ्यास मेटलमध्ये आणला. दौऱ्यावर असतानाही ठिकठिकाणच्या शिक्षकांकडे जाऊन तो शिकत राही. १९ मार्च १९८२ रोजी फ्लॉरिडात विमान-अपघातात वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी त्याचा अंत झाला, आणि या संगीताची जी हानी झाली ती भरून आली असे म्हणता येत नाही. जॉर्ज लिंच (डॉकेन) व वॉरन डीमार्टिनी (रॅट) हे अन्य उल्लेखनीय वादक.

वेष व रंगभूषा : फवाऱ्याने ताठ उभारलेले लांब केस, डोळ्यांत काजळ, ओठांस रंग, तंग स्पॅन्डेक्स वा चामड्याच्या विजारी, मनगटांस व गुडघ्यांस गुंडाळलेले रुमाल. पॉयझन या वृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या (१९८६) वेष्टनावर चौघा पुरुषांचे चेहरे इतके रंगविले होते, की अनेकांची प्रथमदर्शनी फसगत झाली. त्यांच्यातील ढोलवादक रिकी रॉकेट हा व्यवसायाने केशरचनाकार होता. दशक संपत आले तसा चेहऱ्यावरील रंग उतरत गेला.

उत्कर्ष : मोट्ली क्रू या वृंदाने १९८१ मध्ये आपली पहिली ध्वनिमुद्रिका स्वतःच्याच नाममुद्रेने काढली, पुढील वर्षी इलेक्ट्रा या कंपनीने ती पुनः प्रसिद्ध केली. २९ मे १९८३ रोजी सॅन बर्नार्डिनोजवळ झालेल्या ‘यूएस फेस्टिव्हल’मधील मेटलच्या दिवशी क्वायट रायट, मोट्ली क्रू आणि व्हॅन हेलन एकाच रंगमंचावर आले. उपस्थितीचे आकडे निरनिराळे दिले जातात. गर्दी लाखांच्या घरातली होती, एवढे मात्र निर्विवाद. २६ नोव्हेंबर १९८३ रोजी क्वायट रायटची ‘मेटल हेल्थ’ ही ध्वनिमुद्रिका ‘बिलबोर्ड’च्या यादीत अग्रस्थानी पोहोचली आणि हेवी मेटलला तो मान प्रथमच लाभला. तिच्या यशाचा मोठा वाटा स्लेडच्या १९७३ मधील एका गीताच्या पुनरावृत्तीचा होता. वृंदाला ते गीत गाण्याची इच्छा नव्हती, असे त्यातील वादकांनीच पुढे सांगितले आहे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या एमटीव्ही या वाहिनीला चित्रफितींची निकड होती आणि या वृंदांपाशी दाखविण्याजोगे पुष्कळ होते. दोघांचा लाभ परस्परांना झाला. बॉन जोव्ही या न्यू जर्सीच्या वृंदाने १९८६ मध्ये व्हँकूव्हर येथे, डेस्मंड चाइल्ड या गीतकाराच्या साहाय्याने केलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या प्रती एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक खपल्या. येथून पुढे मंदगती प्रेमगीत प्रत्येक ध्वनिमुद्रिकेत आवश्यक होऊन बसले. प्रस्तुत लेखकाच्या मते या शैलीच्या अवनतीचे बीज तेथेच पडले.

८ डिसेंबर १९८४ रोजी मोट्ली क्रूचा गायक व्हिन्स नील मद्यधुंद अवस्थेत चालवीत असलेल्या मोटारीला अपघात होऊन हॅनोय रॉक्सचा ढोलवादक निकोलस ‘रॅझल’ डिंगली मृत्यू पावला आणि दुसऱ्या वाहनातील दोघे गंभीर जखमी झाले. नीलला ३० दिवसांची कैद झाली आणि सुमारे २६ लक्ष डॉलरांची नुकसानभरपाई द्यावी लागली. हॅनोय रॉक्स त्यातून सावरला नाही.

सिनेट-सुनावणी : १९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकन सिनेटच्या वाणिज्य, विज्ञान व परिवहन समितीपुढे ध्वनिमुद्रिकांवर इशारेवजा चिठ्ठी लावण्याच्या प्रश्नाची सुनावणी झाली. तिचा शब्दशः वृत्तान्त सरकारी दप्तरात असल्यामुळे या प्रकरणाची माहिती विशेष तपशिलाने मिळते. टिपर गोर प्रभृतींच्या पालकमंडळाने आक्षेपार्ह ठरविलेल्या पंधरा गीतांत मोट्ली क्रू, वास्प आणि ट्विस्टेड सिस्टर यांची गीते होती. ट्विस्टेड सिस्टरचा गायक डी स्नायडर डेनिमच्या पेहरावात, पिंजारलेल्या केसांनिशी हजर झाला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने आपली जबानी वाचली. आपण विवाहित असून आपणास तीन वर्षांचा मुलगा आहे, आपण ख्रिस्ती धर्मात वाढलो आणि मद्य, तंबाखू वा अमली द्रव्यांना शिवत नाही, हे प्रथम नमूद करून, हिंसक म्हणून आरोपित झालेले आपले एक गीत वस्तुतः शस्त्रक्रियेच्या भीतीविषयी आहे, हे त्याने शांतपणे विशद केले. समितीच्या सभासदांत टिपर गोर यांचे पती आल गोर हेही होते. त्या दिवशीच्या साक्षींत फ्रँक झाप्पा व जॉन डेन्व्हर या संगीतकारांच्याही साक्षी आहेत. पण पेहरावावरून माणसाची पारख करू पाहणाऱ्यांना इतके संयत उत्तर दुसऱ्या कोणी दिले नाही. त्याच वर्षी कंपन्यांनी चिठ्ठीची अट पत्करली.

स्त्रिया : व्हिक्सन हा सर्वस्वी स्त्रियांचा वृंद आणि गिटारवादिका लिटा फोर्ड.

अन्य देश : ब्रिटनमध्ये डेफ लेपर्ड, स्वीडनमध्ये युरोप, जपानमध्ये लाउडनेस व एक्स. भारतात १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेला रॉक मशीन (पुढे इंडस क्रीड) हा वृंद हार्ड रॉकच्या याच लाटेचा समकालीन. महेश तिनईकर हे त्याचे गिटारवादक.

ऱ्हास : पेनेलोपी स्फिरिस यांच्या १९८८ मधील अनुबोधपटात स्ट्रिपवरील तरुणांची उमेद आणि प्रस्थापितांची व्यसनाधीनता शेजारी-शेजारी दिसते. गन्स एन’ रोझेसच्या १९८७ मधील ध्वनिमुद्रिकेने अधिक रोकडा व रंगविहीन सूर लावला. त्यांना या शैलीत गणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाना या सिॲटलच्या परिसरातील वृंदाची ‘नेव्हरमाइंड’ प्रसिद्ध झाली आणि जानेवारी १९९२ मध्ये ती अग्रस्थानी गेली. ऱ्हासाचे सारे खापर तिच्यावर फोडण्याचा प्रघात आहे, तो ग्राह्य वाटत नाही. कंपन्यांनी एकाच छापाचे वृंद करारबद्ध करण्याचा सपाटा लावल्यामुळे श्रोते आधीच कंटाळले होते. गझारीज १९९३ मध्ये बंद पडले. या उलथापालथीत गिटारचे दीर्घ एकलवादनही लोकप्रिय संगीतातून हद्दपार झाले, हे नुकसान केसांच्या आणि कपड्यांच्या चर्चेत दुर्लक्षित राहिले आहे.

मोट्ली क्रूने २०१४ च्या जानेवारीत दौरे कायमचे थांबविण्याच्या करारनाम्यावर जाहीर सह्या केल्या व ३१ डिसेंबर २०१५ रोजी लॉस एंजेलिस येथे अखेरचा प्रयोग केला. तो करारनामा पुढे त्यांनीच रद्द केला, आणि २०२२ मध्ये डेफ लेपर्ड व पॉयझन यांच्यासह त्यांनी अमेरिकेतील मोठ्या क्रीडांगणांचा दौरा पूर्ण केला.