अपस्मारावरील औषधांचा शोध

फेफरें येऊन मनुष्य कोसळला कीं, त्याच्या नाकाशीं कांदा किंवा पायतण धरावयाचें, ही चाल महाराष्ट्रांत पूर्वापार आहे. झटका बहुधा दोन-चार मिनिटांत आपोआप ओसरतो आणि श्रेय मात्र कांद्याला मिळतें! वास्तविक चरकसंहितेनें अपस्मार हा रोगच मानून त्याचे चार भेद सांगितले होते. लोकसमजुतींत तो भूतबाधाच राहिला.

आधुनिक औषधांचा आरंभ १८५७ सालीं झाला. इंग्लंडच्या राणीचे वैद्य चार्लस लोकॉक यांनीं पोटॅशियम ब्रोमाइडाचा गुण त्या वर्षीं जाहीर केला. झटके कमी झाले. पण रोगी सुस्तावून जाई. १९१२ सालीं जर्मनींतील तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनीं झोपेकरितां निघालेलें फेनोबार्बिटल अपस्माराच्या रोग्यांस दिलें, तों त्यांचे झटकेहि कमी झाले. औषध स्वस्त व गुणकारी ठरलें, तरी गुंगी उरलीच.

झोप आणील तेंच झटका रोखील, असा समज त्यामुळें दृढ झाला होता. फेनिटॉइन हें द्रव्य १९०८ सालींच तयार झालें होतें. परंतु त्यानें झोप येत नसल्यामुळें तें बाजूस पडलें. पुढें बोस्टन येथील मेरिट व पुटनम यांनीं मांजरांस विजेनें झटके आणून अनेक द्रव्यें पारखलीं, आणि १९३८ सालीं फेनिटॉइनचा गुण जगापुढें मांडला. झोपेवांचून झटका रोखतां येतो, हें सिद्ध झालें.

हातांत कोयता घेऊन राबणाऱ्यास या शोधाचें मोल अधिक. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं हंगाम संपल्यावरच परततात. अंबाजोगाईस विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें व मोठें रुग्णालय जिल्ह्यांतच आलें. परंतु उसाचा फड तेथून कोसों दूर! तेथें गोळ्या संपल्या तर? हें औषध अकस्मात् बंद पडल्यास झटक्यामागून झटका येऊन प्राणावर बेतूं शकतें.

नियमित औषधानें शंभरांतील सुमारें ७० रोगी झटक्यांपासून मुक्त राहूं शकतात. गांव सोडतांना ज्वारी-भांड्यांबरोबर हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी गाठोड्यांत पडेल, तेव्हांच बोस्टनचा तो शोध उसाच्या फडापर्यंत पोंचेल.