दाभोळची वीज, मॉरिशसची वाट

गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाची गोष्ट बहुतेकांना ‘एन्रॉन’ या एका शब्दात ठाऊक असते. त्या गोष्टीतले मॉरिशसचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

१९९१ नंतर केंद्राने वीजनिर्मिती परकीय भांडवलाला खुली केली. १९९२ मध्ये स्पर्धात्मक निविदा न मागवताच दाभोळचा सामंजस्य करार झाला, पुढच्या वर्षी वीजखरेदीचा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे होते; दर डॉलरशी बांधलेला होता. राज्याची हमी होती आणि तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये युती सरकारने हा करार रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा स्वीकारला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. २००१ मध्ये परवडेना म्हणून मंडळाने वीज घेणे थांबवले. त्याच डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक हे भागीदार मात्र उरले. भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूक-संरक्षणाचा करार नव्हता. पण त्यांचा पैसा मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत आला होता आणि मॉरिशसशी भारताने १९९८ मध्ये असा करार केला होता. त्याच्या आधारे दावे थेट भारत सरकारवर आले. मुंबईत घेतलेल्या निर्णयाचा जाब दिल्लीला आंतरराष्ट्रीय लवादापुढे द्यावा लागणार होता.

कंपन्यांची बाजू पोकळ नव्हती: सरकारने दोनदा शब्द दिला आणि दोनदा फिरवला. राज्याचीही नव्हती: शाळा-दवाखान्यांचा पैसा न वापरलेल्या विजेवर किती काळ घालवायचा? २००५ मध्ये तडजोड झाली, प्रकल्प सार्वजनिक कंपन्यांकडे गेला आणि हा प्रश्न निवाड्याविनाच राहिला.

२०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या दाव्यात, भारतीय न्यायालयांतल्या विलंबावरून, निकाल भारताविरुद्ध गेला. मग २०१६ चा नमुना करार आला: परकीय गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे देशातलेच मार्ग धुंडाळावेत. जुने बहुतेक करार संपवण्याच्या नोटिसाही गेल्या.

ही तरतूद भांडण लागल्यानंतरची आहे. दाभोळचे नुकसान ठरले ते १९९२-९३ मध्ये, दराच्या अटी बंद दाराआड लिहिल्या गेल्या तेव्हा. वीजबिल भरणारा त्या खोलीत नव्हता; त्याला तिथे जागा देणे कोणत्याही नमुना कराराच्या हाती नाही, ते आपल्या विधिमंडळांचे काम आहे.