गोळी आखूड झाली, घसा लांबच राहिला

बंदुकीचा इतिहास सांगताना दारू, पोलाद आणि लढाया यांचीच चर्चा होते. आम्ही येथे नळीतल्या पाच मिलिमीटर लांबीविषयी लिहिणार आहोत. एवढ्याशा लांबीपायी अमेरिकेच्या सैन्याला आपल्या नव्याकोऱ्या रायफलींच्या नळ्या काढून पुन्हा कापाव्या लागल्या.

आधी रचना पाहू. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याचे घर असते. पुढे आतल्या अंगाला मळसूत्री खाचा असतात. त्यांत रुतल्यामुळे गोळीला गिरकी मिळते. घर आणि खाचा यांच्यामधल्या गुळगुळीत भागाला घसा म्हणतात. दारू पेटली की गोळी पितळी कवचातून सुटते, घसा ओलांडते आणि मग खाचांत शिरते. ही तिची उडी. उडी लांबली तर गोळी किंचित तिरपी शिरण्याची शक्यता वाढते. बाटलीचे फिरकीचे झाकण पहिल्या आट्यातच वाकडे बसले, तर पुढे ते सरळ होत नाही, तसेच हे.

१९०३ सालच्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी २२० ग्रेनची, म्हणजे सुमारे १४.३ ग्रॅमची, लांब व बोथट गोळी ठरली होती. घसाही तिच्याच मापाचा होता. पण फ्रान्सने १८९८ मध्येच टोकदार गोळी स्वीकारली होती. १९०५ मध्ये जर्मनीने सुमारे दहा ग्रॅमची हलकी, टोकदार गोळी आणली. तिला हवेचा विरोध कमी होई आणि तिचा मार्ग अधिक सपाट राही. अमेरिकेनेही १९०६ मध्ये १५० ग्रेनची (९.७ ग्रॅम) टोकदार गोळी घेतली. वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटरवरून ८२० मीटरवर गेला. (गतिज ऊर्जेचे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. वेग वाढूनही नळीच्या तोंडाशी ऊर्जा थोडी घटलेलीच दिसते!)

आता पंचाईत झाली. गोळी आखूड, पण घसा जुनाच. गोळी कवचातून आणखी बाहेर काढावी, तर कवचाच्या मानेत तिला पुरेशी पकड उरत नाही. तेव्हा गोळी पुढे नेण्याऐवजी खाचाच मागे आणल्या गेल्या. नळी मागच्या बाजूने सुमारे ०.२ इंच, म्हणजे पाच मिलिमीटर, कापून घर नव्याने कोरले. कवचाची मानही ०.०७ इंचाने आखूड केली. आमच्या मते हा निर्णय खर्चिक असला तरी शहाणपणाचा होता.

सगळ्यांनी असे केले नाही. स्पेनने १८९३ साली घेतलेली सात मिलिमीटरची माउझर रायफल ११.२ ग्रॅमच्या लांब गोळीसाठी घडवलेली होती. त्या जातीच्या कित्येक रायफली पुढे हौशी नेमबाजांकडे आल्या, त्या लांब घशासकट. ब्रिटिशांची गोष्ट निराळी. ०.३०३ इंची रायफलीची १९१० सालची टोकदार गोळी हलकी होती, पण तिच्या टोकात शिशाऐवजी अॅल्युमिनियम भरलेले असे. त्यामुळे वजन घटूनही लांबी फारशी घटली नाही. ०.३०३ ची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यातही होत. हा कारखाना १८६९ सालचा.

स्वतः काडतुसे भरणाऱ्या नेमबाजापुढे अमेरिकेपुढचाच प्रश्न येतो, पण त्याला नळी कापायची नसते. त्याच्या हाती एकच गोष्ट असते: गोळी कवचात किती खोल बसवायची. खोल बसवली तर दारूसाठीची जागा कमी होते आणि, पंपाच्या दट्ट्याने हवा कोंडावी तसा, वायूचा दाब झपाट्याने चढतो. उलट ती खाचांना टेकवली तरी दाब चढतो, कारण वेग घेण्याआधीच तिला खाचांत रुतावे लागते. म्हणजे दोन्ही टोकांना धोका. कॅलिफोर्नियातील रॉय वेदरबी यांनी १९४५ नंतरच्या आपल्या जोरदार रायफलींत घसा मुद्दाम लांब ठेवला, तो याच दुसऱ्या कारणासाठी.

लांब घशाच्या रायफलीत खाचांपर्यंत पोहोचण्याचा हट्ट बहुधा सोडावाच लागतो. मानेत निदान गोळीच्या व्यासाइतकी लांबी धरलेली असावी, असा जुना ठोकताळा आहे. शिवाय काडतूस रायफलीच्या खजिन्यात मावले पाहिजे. या मर्यादांत, दारूचे प्रमाण तेच ठेवून, खोली थोडी थोडी बदलत कागदी लक्ष्यावरची भोके कुठे सर्वांत जवळ पडतात ते पाहायचे. माप गोळीच्या टोकापासून घेत नाहीत, कारण एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकेही कमीजास्त लांबीची निघतात. ते घेतात खांद्यापासून, म्हणजे गोळीचा जो घेर खाचांना प्रथम भिडतो तिथून.