नाशिककडची टोचणी : देवीपासून कांजण्यांपर्यंत

नाशिक जिल्ह्यातील मुलांच्या लसीकरणाचा इतिहास देवीच्या टोचणीपासून सुरू होतो. हिंदुस्थानातील पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ही लस बगदाद आणि बसऱ्यामार्गे, एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी पोहोचली होती. १८१८ साली पेशवाई संपून नाशिक इंग्रजांकडे गेले. १८२७ पासून मुंबई इलाख्यात फिरत्या टोचणाऱ्यांची पद्धत बसली. प्रत्येकाला टापू नेमून दिलेला असे आणि कामावर वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याची देखरेख असे. पुढे हा माणूस गावोगाव ‘देवी-डॉक्टर’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्याचे काम वाटते तितके सोपे नव्हते. लस बाटलीत साठवता येत नसे. एका मुलाला टोचल्यावर आठव्या दिवशी त्याच्या दंडावरचा फोड भरे आणि त्यातली लस लगेच पुढच्या मुलांना टोचावी लागे. पुढचे मूल वेळेत मिळाले नाही, तर साखळी तुटे. जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याकडच्या विरळ पाड्यांत हे सांभाळणे किती कठीण असेल, याचा अंदाज करता येतो. उन्हाळ्यात लस निकामी होई, म्हणून टोचणीचा हंगाम थंडीचा. आपल्या लेकराच्या फोडातले पाणी परक्या जातीच्या मुलासाठी काढू द्यायला आईबाप नाखूश असत, आणि फोडाची छेडछाड मुलाला बाधेल ही भीतीही होती. १८८० च्या कायद्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत टोचणी सक्तीची करता येऊ लागली. पण विरोधाची धार खरी बोथट केली ती वासराच्या कातडीवर तयार होणाऱ्या लसीने. इलाख्यासाठी ती पुढे बेळगावच्या संस्थेत तयार होई.

घरातले उपचार मात्र देवी, गोवर आणि कांजण्या या तिन्हींसाठी जवळपास सारखेच होते. अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा, फोडणीचा वास घरात येऊ द्यायचा नाही, बाहेरच्याला आत घ्यायचे नाही. श्रावण शुद्ध सप्तमीला शीतलादेवीसाठी चूल बंद ठेवून शिळे खायचे. बाहेरच्याला मज्जाव करण्याची रीत, हेतू कोणताही असो, संसर्ग रोखायला उपयोगी होती. एकदा येऊन गेलेला रोग सहसा पुन्हा येत नाही, हेही घरोघर ठाऊक होते.

पण एका रोगापासून मिळालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर चालत नाही. दंडावर टोचणीचे व्रण असलेल्या मुलांनाही कांजण्या येतच. देवी निर्मूलन मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात या दोन रोगांतला फरक ओळखणे फार मोलाचे ठरले. अंगावर पुरळ असलेले प्रत्येक मूल तपासावे लागे. कांजण्यांचे फोड छाती-पोटावर दाट असतात आणि एकाच वेळी लाल ठिपका, पाण्याचा फोड व खपली अशा निरनिराळ्या अवस्थांत दिसतात. देवीचे फोड चेहरा, हात-पाय, तळवे यांवर जास्त आणि एका भागात सगळे एकाच अवस्थेत. देशातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले आणि देवीची टोचणी इतिहासजमा झाली.

कांजण्यांवरची लस जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली तयार केली. ती जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाला पहिले काही महिने सांभाळतात, पण तीच लसीच्या विषाणूलाही निष्प्रभ करू शकतात. म्हणून पहिला डोस वर्षानंतर, बालरोगतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार साधारण १५ व्या महिन्यापासून देतात. एका डोसनंतरही काही मुलांना सौम्य कांजण्या येतात, म्हणून दुसरा. कांजण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबून राहतो आणि उतारवयात नागीण म्हणून वर येऊ शकतो. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. देवीची टोचणी सरकारी माणूस दारात येऊन फुकट करी. कांजण्यांची लस नाशिकच्या पालकांना बहुधा खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यावी लागते.